थांबणं जाणणारी पेशी

आमच्या पुरुषोत्तमनगरात गळीत हंगाम समजावून सांगावा लागत नाही. ऊस आला की साखर कारखाना रात्रंदिवस चालतो, ऊस संपला की थांबतो. रिकामा बॉयलर पेटवून ठेवणं कुणालाच परवडत नाही.

भाईजानच्या गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. प्रत्येकीच्या केंद्रकात एक गडद ठिपका फुगलेला होता. त्याला केंद्रिका म्हणतात. 'इथं हंगाम संपतच नाही,' डॉक्टर म्हणाले. मी बी.ए. झालेला कवी, पण ते वाक्य मला थेट कळलं.

पेशीत प्रथिनं बनवणारी सूक्ष्म यंत्रं म्हणजे रायबोसोम. त्यांची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली नोबेल मिळालेल्या तिघांपैकी वेंकटरामन रामकृष्णन शेजारच्या बडोद्यात शिकले. या यंत्रांचा गाभा आरएनएचा असतो. त्याची जनुकं आपल्या प्रत्येक पेशीत शेकडो प्रतींत असतात आणि त्यांची नक्कल केंद्रिकेत उतरवली जाते. वाढत्या पेशीत तयार होणाऱ्या आरएनएचा मोठा वाटा हाच असतो. एवढा खर्च म्हटल्यावर लगाम हवाच.

लगाम दोन आहेत. पहिला दीर्घ मुदतीचा: बऱ्याच प्रतींवर मिथाइलच्या रासायनिक खुणा बसवून, धागा घट्ट गुंडाळून पेशी त्यांना कुलूप लावते. दुसरा रोजचा. उघड्या प्रतींची नक्कल आरएनए पॉलिमरेज-१ हे विकर उतरवतं. पण टीआयएफ-१ए हे प्रथिन सोबत असल्याशिवाय ते कामाला लागत नाही. अन्नघटक पुरेसे असले, इन्शुलिनसारखे संदेश आले, की 'एमटॉर' नावाचा मुकादम टीआयएफ-१एला कामावर धाडतो. उपासमार झाली की परत बोलावतो. पेशी नवी यंत्रं बांधणं आवरते आणि आहे त्यात तग धरते.

याशिवाय पी-५३ आणि आरबी ही प्रथिनं ब्रेक लावतात, तर मिक वेग वाढवतं. अनेक कर्करोगांत ब्रेक निकामी होतात, मिक मोकाट सुटतं आणि केंद्रिका फुगते. मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर वापरलं जाणारं डॅक्टिनोमायसिन हे जुनं औषध कमी मात्रेत मुख्यतः हीच नक्कल अडवतं.

वाढणं म्हणजेच जीवन, असं मी आजवर कवितेत लिहीत आलो. भाईजानच्या त्या काचपट्टीनं शिकवलं, की वेळेवर थांबणं हाही जीवनाचाच भाग आहे.