थेंबाचा माग

जुन्या ट्रॅक्टरखाली डिझेलचा डाग दिसला की मालक आधी पाना उचलतो आणि समोर येईल तो नट आवळतो. कित्येक चिवट गळत्या याच घाईतून जन्माला येतात. डिझेलच्या पाइपाच्या टोकाला जी कडी पोकळ बोल्टने बसते, तिच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर असतात. तांबं मऊ असतं, म्हणून दाबलं की ते बारीक खाचा भरून काढतं. पण एकदा दाबलेलं तांबं कडक होतं आणि दुसऱ्यांदा तितकं बसत नाही. वर आणखी जोर लावला की बोल्टचे आटे जातात, मग दोन रुपयांच्या वायसरचं काम फिल्टरचं डोकं बदलण्यावर जातं. जाणता मिस्त्री शक्यतो नवे वायसर घालतो. हाताशी नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून गार करतो, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासतो. तापवलेलं तांबं पुन्हा मऊ होतं.

महाराष्ट्राच्या शिवारात जुना ट्रॅक्टर म्हटलं की बऱ्याच जणांना मॅसी १०३५ आठवतो. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये आहे. तो बनवणारी चेन्नईची टॅफे कंपनी १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने उभी राहिली. १०३५ चं तीन सिलिंडरचं साधं इंजिन आजही अनेक वाड्यावस्त्यांवर पाणी ओढतं, ट्रॉली ओढतं. वय झालं म्हणून ते गळणारच, असं मानून खाली डबा ठेवणं मला पटत नाही. सेकंदाला एक थेंब गेला तरी दिवसाकाठी लिटरभराहून जास्त डिझेल मातीत मुरतं, आणि त्या मातीत पुढे बराच काळ काही नीट उगवत नाही.

गळती शोधण्याआधी डिझेलची वाट डोक्यात हवी. टाकीतून कॉक, तिथून फीडपंप, फिल्टर, मग मुख्य पंप, शेवटी जाड नळ्यांमधून नोझल. फीडपंपाच्या अलीकडे ओढ असते, पलीकडे दाब. ओढीच्या बाजूला फट पडली तर चालू इंजिनात थेंबही दिसत नाही, उलट आत हवा शिरते आणि ट्रॅक्टर अचानक दम टाकतो. त्यालाच एअर घेणं म्हणतात. एकच सैल जोड इंजिन चालू असताना एअर घेतो आणि रात्री बंद असताना ठिबकतो. मालक दोन वेगळ्या दुखण्यांवर खर्च करत राहतो.

थेंब पडतो तिथे गळती क्वचितच असते. डिझेल पातळ आणि चिकटून पसरणारं, नळीच्या खालच्या अंगाने हातभर सरकतं आणि सखल जागा मिळाली की पडतं. म्हणून आधी सगळं धुऊन कोरडं करायचं, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरायची, इंजिन चालवायचं आणि वरून खाली पाहत यायचं. पहिली ओली रेघ जिथे उमटते ती जागा खरी. नोझलच्या नळ्यांवरून मात्र हात फिरवायचा नाही. तिथला दाब हवेच्या दाबाच्या दीडशे पटींहून अधिक असतो, बारीक चिरेतून उडालेली धार कातडीत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठा धरून पाहावं.

मुख्य पंप रोटरी असेल तर सगळ्यात चिवट पाझर त्याच्या वरच्या झाकणातून येतो. रेसच्या आणि बंद करायच्या दांड्यांवर रबरी ओ-रिंगा असतात. जुनं रबर कडक होतं. शिवाय डिझेलचा पोत बदलला तरी फुगलेलं जुनं रबर आकसतं. १९९३ साली अमेरिकेत कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा जुन्या इंजिनांच्या सीलमधून अशा गळत्या निघाल्या होत्या. रिंगा बदलता येतात, पण झाकण उघडताना इंजिनाची चाल सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग कोणत्या भोकात होती ते नोंदवायलाच हवं. भोक चुकलं तर इंजिनाची चाल बदलते.

नव्या रिंगाही आठवड्यात गळू लागल्या तर पंपाला दोष देण्याआधी परतीची नळी सोडून फुंकून पाहावी. पंपातलं जादा डिझेल त्या वाटेने मागे जातं. ती चेपली किंवा तुंबली की पंपाच्या पोटात दाब साठतो आणि कोणतीही रिंग टिकत नाही. मला हे या कामातलं सर्वांत मोलाचं ज्ञान वाटतं, कारण इथे दुखणं एकीकडे आणि पाझर दुसरीकडे असतो.

एक गळती जमिनीवर दिसतच नाही. फीडपंपाचा पडदा फाटला किंवा मुख्य पंपाच्या दांड्याचं सील गेलं तर डिझेल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. ऑइलची कांडी ओढून पाहिली तर पातळी वाढलेली, ऑइल पाण्यासारखं पातळ आणि त्याला डिझेलचा वास. असं दिसलं की ट्रॅक्टर चालू करायचा नाही. पातळ ऑइलवर बेअरिंगा जळतात. आधी पडदा आणि सील तपासायचं, बदलायचं, मगच नवं ऑइल आणि नवा ऑइल फिल्टर. शेवटी फीडपंपाची छोटी दांडी हाताने हलवत एअर काढायची. दांडी ढिली लागली तर इंजिन थोडं फिरवायचं, कारण पंपाला ढकलणारा कॅम तेव्हा वर थांबलेला असतो.