श्राद्ध : शब्द श्रद्धेचा, धास्ती मरणाची

‘तुझं श्राद्ध घातलं’ हे मराठीत शिवीसारखं वापरलं जातं. घरात लग्नाची बोलणी चालू असताना कुणी हा शब्द उच्चारला, तर वडीलधारी माणसं लगेच गप्प करतात. श्राद्ध हा मुळातच मरणाचा, म्हणून अशुभ शब्द, अशी ही समजूत आहे.

शब्दाच्या घडणीत मरण कुठेच नाही. श्रद्धेपासून श्राद्ध झालं. श्रद्धेने जे करायचं, द्यायचं ते श्राद्ध. ‘श्रद्धा’ हा शब्द फार जुना, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिच्यावर स्वतंत्र सूक्तच आहे. ‘मी विश्वास ठेवतो’ या अर्थाचा लॅटिन ‘क्रेडो’ याच कुळातला, आणि बँकेतलं ‘क्रेडिट’ही तिथलंच. पितरांच्या विधीला श्राद्ध म्हणणं पाणिनीच्या काळी रूढ झालेलं होतं. शरद ऋतूतल्या श्राद्धाला ‘शारदिक’ म्हणावं, श्राद्धाचं जेवण जेवलेल्याला ‘श्राद्धी’ किंवा ‘श्राद्धिक’ म्हणावं, असे नियम त्याच्या अष्टाध्यायीत आहेत. जेवणाऱ्यासाठी वेगळा शब्द लागावा, इतका तो विधी नित्याचा होता.

माणूस गेल्यावरचं सगळंच श्राद्ध, हेही खरं नाही. दहन ही अंत्येष्टी. अकराव्याचं एकोद्दिष्ट आणि बाराव्याचं सपिंडीकरण ही मात्र श्राद्धं. सपिंडीकरणाने गेलेला माणूस पितरांच्या पंक्तीत बसतो, असं शास्त्र मानतं. पुढे वर्षश्राद्ध आणि भाद्रपदातला महालय, म्हणजे आपला पितृपक्ष.

सगळ्यात घट्ट गैरसमज मंगलकार्याबद्दलचा. लग्नामुंजीच्या आधी पुण्याहवाचनाबरोबर जे नांदीश्राद्ध होतं, ते नावाप्रमाणे श्राद्धच असतं. ज्या पितरांमुळे घर वाढलं, त्यांना आनंदाच्या प्रसंगी आधी बोलवायचं, ही त्यामागची भावना मला फार मोलाची वाटते. तिथे तिळांऐवजी जव वापरतात. म्हणजे शब्द टाळणाऱ्या घरांतसुद्धा मुहूर्ताआधी गुरुजी श्राद्धाचाच संकल्प सोडत असतात!

श्राद्धाचा अधिकार फक्त मुलाचा, या समजुतीला तर पंचांगच उत्तर देतं. आश्विन शुद्ध प्रतिपदेला आजेपाड असते. वडील हयात असलेला नातू त्या दिवशी आपल्या दिवंगत आजोबांचं, आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. त्याच दिवशी घटस्थापनाही असते.