टॅगच्या टेबलामागून

फास्टॅग आला, नाक्यावरच्या रांगा आखडल्या, सुट्ट्या पैशांची कटकट गेली, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. सिल्लोडमध्ये मिरची-मका वाहणाऱ्या गाड्यांना टॅग काढून द्यायला मी टेबल टाकलं होतं. टेबलामागून जे दिसलं, ते मात्र कुठल्या जाहिरातीत आलं नाही.

पहिला सामना तारखेशी होता. सक्ती १ डिसेंबर २०१९ ला होणार होती. ती १५ डिसेंबरवर गेली, पुढे १ जानेवारी २०२१ ठरली आणि अखेर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री खरी झाली. एक जुने चालकमामा दर वेळी आरसी बुक काढायचे आणि परत खिशात घालायचे. “पुन्हा ढकलतील, बघ.” त्या रात्रीनंतर मका घेऊन निघाले आणि टॅग नसल्याने नाक्यावर दुप्पट टोल भरून आले. मला वाटलं, आता राग माझ्यावर निघणार. मामांनी दुप्पटची पावती टेबलावर ठेवली. “ही भिंतीला चिकटव. तुझं कोणी ऐकत नाही, हिचं ऐकतील.” लोकांनी खरंच तिचं ऐकलं.

दोन भावांची गोष्ट तर आजही आठवते. थोरल्याचा छोटा हत्ती, धाकट्याची पिकअप. टोलच्या हिशेबात छोटा हत्ती कारच्या वर्गात बसतो, त्याचा टॅग जांभळा. पिकअप हलक्या मालवाहू वर्गात, तिचा नारिंगी. घरी घाईत टॅग एकमेकांच्या काचेवर लागले. थोरला पहाटे टेबलाशी हजर : “मी घरी झोपलोय आणि माझे पैसे नाशिककडं कामून कटले?” चोरीचा संशय थेट भावावर. दोन्ही खात्यांची नोंद समोर ठेवली तेव्हा अदलाबदल उघड झाली. सोबत आणखी एक गोष्ट दिसली : धाकटा किती रात्री रस्त्यावर असतो. ‘राबतं कोण’ हा त्यांच्या घरातला जुना वाद त्या दिवशी मिटला.

अजिंठा रस्त्याचं रुंदीकरण चालू असताना खडी उडून एकाची काच फुटली. नवी बसली, जुनी भंगारात गेली. गडी भंगारवाल्याकडे काचेचे तुकडे चाळत बसला. टॅगमध्ये दीड हजार होते म्हणे! त्याला समजावलं, त्या पट्टीत पैसा नसतो, बॅटरीही नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या लहरी पडल्या की आतली चिप फक्त आपला क्रमांक सांगते. पैसे खात्यात सुखरूप होते. त्याचं बोट मात्र कापलं होतं. म्हणून नवा टॅग त्याच्या काचेवर मीच लावला.

समृद्धी महामार्गाने आणखी एक धडा दिला. सावंगीहून चढलेल्या एकाचा फोन आला : “एक रुपया कटला नाही!” तिथे चढताना फक्त नोंद होते, जितकं अंतर, तितका टोल उतरताना कापला जातो. त्याला लगेच शिल्लक बघायला सांगितलं. ती अपुरी होती. मी टेबलावरूनच भर टाकली. उतरताना फाटक उघडलं, आणि त्याचा दुसरा फोन आधीपेक्षा हळू आवाजात आला.

२०१८ चा एक नियम मी सर्वांना छापून द्यायचो : टॅग चालू आहे, शिल्लक आहे आणि नाक्याचं यंत्रच बंद आहे, तर पैसे न घेता शून्य रकमेची पावती देऊन गाडी सोडायची. एकाने तो कागद बूथवर दाखवला. हुज्जत होईल असं त्याला वाटलं होतं. आतल्या पोराने कागद वाचला, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, “दादा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.” अंधारात दोन्ही बाजू होत्या.

शेवटचा किस्सा माझ्या सर्वांत जवळचा. एका मिरचीवाल्या चालकाने टॅगला स्वतःऐवजी बायकोचा नंबर दिला होता, त्याच्याकडे साधा फोनही नव्हता म्हणून. वर्षभराने मोबाईल घेतला आणि नंबर बदलायला दोघं आली. मी अर्ज पुढे केला. ताईंनी तो परत सरकवला. “राहू द्या, भाऊ. रात्री मेसेज वाजला की कळतं, नाका ओलांडला. मग झोप लागते.”

खिशातल्या पावतीने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.