संगणकावरचं पाणी खरं कधी वाटतं?

नदीकाठच्या देवळाचा फोटो आहे, पण चौकटीत नदीच आलेली नाही. ती संगणकावर आणता येते. त्यासाठी ‘गिम्प’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिलं आणि १९९६मध्ये सर्वांसाठी खुलं केलं.

पहिली पायरी सोपी. फोटोच्या लेयरची प्रत काढायची, उभी उलटी करायची आणि मूळ चित्राखाली जोडायची. प्रतिबिंब तयार होतं, पण ते पाण्यातलं वाटत नाही, आरशातलं वाटतं. कारण पाणी सगळीकडून सारखा प्रकाश परत पाठवत नाही. सरळ वरून पाहिलं तर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परावर्तित होतो. नजर पृष्ठभागाशी अवघा ५ अंशांचा कोन करत असेल, तर हेच प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास जातं. हा हिशेब फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला. म्हणून प्रतिबिंब पलीकडच्या काठाशी ठळक ठेवावं आणि आपल्याकडे येताना ग्रेडियंटने फिकट करत न्यावं. तिथे पाण्याचा स्वतःचा हिरवट-काळसर रंग दिसू द्यावा.

आता लाटा. त्यासाठी ‘डिस्प्लेस’ हा फिल्टर आहे. त्याला एक करड्या छटांचं चित्र नकाशा म्हणून द्यायचं. त्यातली छटा ० ते २५५ या मापात मोजली जाते. मधल्या करड्या छटेखालचा बिंदू जागचा हलत नाही. त्याहून उजळ छटा बिंदूला एका दिशेला सरकवते, गडद छटा उलट दिशेला. हा नकाशा ‘पर्लिन नॉइज’ने बनवता येतो. ‘ट्रॉन’ (१९८२) या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकी चित्रांचा यांत्रिकपणा खटकत होता. त्यातून त्यांनी निसर्गासारखी अनियमितता निर्माण करणारं गणित शोधलं. १९९७मध्ये ऑस्कर अकादमीने त्याबद्दल त्यांना तांत्रिक पुरस्कार दिला.

नकाशा तसाच वापरू नये. ‘पर्स्पेक्टिव्ह’ साधनाने तो काठाकडे दाबून आणि आपल्याकडे पसरून घ्यावा, कारण दूरच्या लाटा बारीक आणि एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. शेवटी ‘मोशन ब्लर’ द्यावा, तोही उभ्या दिशेने. तिरक्या नजरेला लाटांचे उतार प्रतिबिंब आडवं कमी आणि उभं जास्त ताणतात. पाण्यात दिव्याचा ठिपका न दिसता लांब पट्टा दिसतो, तो यामुळेच.

एक मर्यादा मात्र कोणताही फिल्टर ओलांडू शकत नाही. खऱ्या पाण्यात पुलाच्या कमानीची खालची बाजू दिसते, कारण प्रतिबिंब म्हणजे पाण्याखालून वर पाहिल्यासारखं दृश्य असतं. वरून काढलेल्या फोटोत ती बाजू नसतेच, मग उलट्या प्रतीत ती कुठून येणार? दूरच्या देवळाला ही युक्ती चालते, जवळच्या होडीला चालत नाही.

यातली प्रत्येक पायरी प्रकाशाचा एकेक नियम डोळ्यांसमोर उभा करते. म्हणून हा धडा शाळांनी केवळ संगणकाच्या तासाला न ठेवता, परावर्तन शिकवताना विज्ञानाच्या तासालाही घ्यावा. नियम पाठ करणाऱ्या मुलांना तो स्वतः वापरून पाहता येईल, आणि कुठे चुकला तर चित्रच त्यांना ते सांगेल.