केस झाली, तरी शाळा सुटत नाही



तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या ताईंचा रात्री फोन आला. दहावीतल्या मुलाला मारामारीच्या प्रकरणात पोलिसांनी पकडलं होतं. "शाळेतून फोन आला, सध्या घरीच ठेवा म्हणून. लोकांना कळण्याआधी नावच काढून घेतो," त्या म्हणाल्या. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, कायद्यात गती यथातथाच. पण तेव्हा जे वाचलं आणि वकिलांकडून समजलं, ते सर्वांना माहीत असावं म्हणून हा खटाटोप.

कॅनडात १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी 'यूथ क्रिमिनल जस्टिस ॲक्ट' आहे. तो १ एप्रिल २००३ पासून देशभर लागू आहे. अटक म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे. मुलाला वकील मिळण्याचा आणि जबाब देण्याआधी आईवडिलांशी बोलण्याचा हक्क आहे. त्याचं नाव छापता येत नाही. सुरक्षितता किंवा पुनर्वसन अशा मोजक्या कारणांसाठी पोलीस शाळेला माहिती देऊ शकतात. पण ती त्याच्या इतर नोंदींपासून वेगळी ठेवावी लागते आणि गरज संपली की नष्ट करावी लागते.

शिक्षण हा मात्र प्रांताचा विषय. आपल्या ओंटारिओत १८ वर्षांपर्यंत शाळा सक्तीची आहे. मुख्याध्यापक मुलाला जास्तीत जास्त २० शालेय दिवस सस्पेंड करू शकतात, तेही लेखी आणि कारण देऊन. सहा किंवा अधिक दिवस असतील, तर बोर्डाने अभ्यासाची सोय करायची असते. त्याविरुद्ध अपीलही करता येतं. कायमचं काढण्याचा निर्णय मुख्याध्यापकांचा नसून बोर्डाचा असतो, आणि त्यानंतरही दुसरी शाळा किंवा शिक्षणाचा कार्यक्रम द्यावाच लागतो.

मूल कोठडीत असलं तरी तिथे शाळा भरते. स्कूल बोर्डाचे शिक्षक शिकवतात आणि मिळालेले क्रेडिट डिप्लोमाच्या ३० क्रेडिटमध्ये धरले जातात. जामिनाच्या अटीमुळे शाळेत जाणं अडत असेल, तर अट बदलून घेण्याबद्दल वकिलांना जरूर विचारा.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा: जे काही सांगतील ते लेखी मागा, वकील गाठा आणि आपणहून नाव काढू नका. ऐपत नसेल तर 'लीगल एड ओंटारिओ'कडे विचारणा करा.

ताईंनी नाव काढलं नाही. शाळेकडे लेखी मागितल्यावर चक्रं फिरली आणि मुलगा तीन आठवड्यांनी वर्गात परतला. बुडालेलं गणित भरून काढायला मात्र अख्खं सेमिस्टर गेलं. दर शनिवारी आम्ही दोघं त्यांच्या किचन टेबलाशी बसायचो.

मंडळी, देणगी तर आपण देतोच. पण असा फोन आला, तर "कुणाचा मुलगा?" या चौकशीआधी "शाळा चालू आहे ना?" एवढं विचारूया.