आजारातून कामाकडे

माणूस आजारी पडला की रजा घेतो आणि बरा झाला की कामावर रुजू होतो, अशी आपली सोपी समजूत आहे. पण टायफॉइडमधून उठलेला कारकून किंवा नुकतेच प्लॅस्टर काढलेला कामगार ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की 'आजारी' आणि 'बरा' यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात. आम्ही येथे बोलणार आहोत ते त्या मधल्या आठवड्यांविषयी.

लेथवर काम करणारा एखादा कामगार घ्या. तो घसरून पडला, मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. हाड जुळले खरे, पण मूठ घट्ट वळत नाही, पिळण्याचा जोर येत नाही. जड जॉब उचलून चकमध्ये बसविणे त्याला इतक्यात जमणार नाही. डॉक्टर लिहितात, 'आणखी एक महिना विश्रांती'. किंवा त्यानेच गळ घातली तर, 'कामावर रुजू होण्यास योग्य'. तिसरा शेरा बहुधा नसतोच. वास्तविक हाच मनुष्य मायक्रोमीटर घेऊन तयार माल तपासू शकेल, नव्या उमेदवारांना शिकवू शकेल. परंतु डॉक्टरांना कारखान्यातले काम माहीत नसते, फोरमनला मनगटाची अवस्था माहीत नसते, आणि ज्याला दोन्ही माहीत आहेत त्या कामगाराला कोणी विचारीत नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून डॉक्टरी दाखल्याचा नमुनाच बदलण्यात आला. 'कामास अयोग्य' याच्या जोडीला 'पुढील सोयी केल्यास काम करू शकेल' अशी ओळ त्यात आली. सोयी चारच : हळूहळू तास वाढवीत परतणे, वेळा बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि कामाच्या जागी फेरफार करणे. एवढ्याने सारे प्रश्न सुटतात असे मुळीच नाही. पण डॉक्टर, मालक आणि कामगार यांच्या बोलण्याला निदान विषय तरी मिळतो.

यावर कोणी म्हणेल, पुरती विश्रांती घेऊनच यावे, घाई कशाला? विश्रांती हे औषध आहे, पण त्यालाही मात्रा असते. हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरवर्गापैकी ज्यांची कंबर नुकतीच धरली होती, अशांवर झालेला एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणावर ठेवले, काहींना व्यायाम दिला, बाकीच्यांना सोसवेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. लवकर बरे झाले ते हे शेवटचे. अर्थात प्रत्येक दुखण्याला हा नियम लावता येणार नाही. हृदयविकाराचा हिशेब निराळा.

आपल्याकडील खरी गाठ पैशाची आहे. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के आणि कामावरील अपघातात तात्पुरत्या असमर्थतेसाठी ९० टक्के लाभ मिळतो. मात्र तो काम न केलेल्या दिवसापुरता. चार तास काम करून अर्धाच पगार पदरात पडणार असेल, तर मनुष्य घरीच बसेल किंवा दुखणे लपवून पुऱ्या पाळीला उभा राहील. यांत त्याला दोष देणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

अपंगत्व कायमचे असेल तर सरकारी आस्थापनांपुरता कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे. ते नसेल तर मिळेपर्यंत जादा पदावर ठेवता येते. असाच नियम १९९५ च्या कायद्यातही होता, आणि त्याच्याच आधारे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या एका शिपायाला न्याय दिला.

दहा माणसांच्या खाजगी कारखान्याला हे बंधन नाही आणि तिथे दुसरे पदही नसते. पण तेथे मालक आपल्या प्रत्येक माणसाला नावाने ओळखतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याने घरी जाऊन विचारपूस करावी, 'कधी येतोस?' असे न विचारता 'यांतले काय जमेल?' असे विचारावे, आणि कामांची यादी डॉक्टरांकडे पाठवावी. हलके काम म्हणजे दाराशी स्टुलावर बसवून ठेवणे नव्हे, हेही पाहावे. तसा बसविलेला मनुष्य चार दिवसांत पुन्हा रजेचा अर्ज टाकतो.