न्यूट्रॉनचा उगम : लुंडचे टार्गेट स्टेशन

कुठे : युरोपियन स्पॅलेशन सोर्स, लुंड, स्वीडन. बांधकामास प्रारंभ २०१४.

काम : प्रोटॉनचे झोत फिरत्या चाकातील टंगस्टनवर आदळतात आणि त्याच्या अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन बाहेर पडतात. द्रवरूप हायड्रोजन आणि पाणी त्यांचा वेग कमी करतात. मग ते प्रयोगांकडे वळवले जातात.

चाक : व्यास सुमारे २.६ मीटर, ३६ कप्पे. आत टंगस्टनच्या सुमारे ७,००० विटा. प्रत्येक वीट ८ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद, १ सेंमी जाड आणि वजनाला अर्ध्या किलोहून थोडी कमी. बांधणी स्पेनच्या ईएसएस बिलबाओ या संस्थेची.

चाक का फिरते? पूर्ण क्षमतेच्या ५ मेगावॉट झोताचा मारा एकाच जागी बसला, तर धातू टिकणार नाही. सेकंदाला १४ झोत आणि मिनिटाला सुमारे २३ फेरे असा मेळ घातल्यामुळे प्रत्येक झोत पुढच्या कप्प्यावर पडतो. तापलेल्या कप्प्याला निवायला अडीच सेकंद मिळतात. उष्णता वाहून नेतो हेलियम वायू.

कवच : किरणोत्सर्ग रोखण्यासाठी भोवती हजारो टन पोलाद.

महत्त्व : बॅटरी, प्रथिने, चुंबकीय पदार्थ यांची अंतर्रचना न तोडता पाहता येईल.